साडूची गॅलरी

टेपकाकांनी आपल्या साडूला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवसाची नोंद हवामान खात्याने कशी केली नाही, याचं त्यांना आजही नवल वाटतं. सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत त्या संध्याकाळी भूकंप, वादळ आणि ग्रहण अशी तिन्ही संकटं एकदम झाली होती, आणि तिन्हींनी मिळून एकच चेक्सचा शर्ट घातला होता.

झालं होतं एवढंच, की मेहुणीने लग्न ठरवलेला मुलगा घरच्यांना भेटवायला आणला. तो दारातून आत आला मात्र, आणि टेपकाका शपथेवर सांगतात, भिंतीवरचं कित्येक वर्षं बंद पडलेलं घड्याळ टोले देऊ लागलं. सासूबाईंचा गुडघा टेपकाकांच्या लग्नापासून दुखत होता. तो दुखायचा थांबला आणि त्या उठून थेट दारापर्यंत चालत गेल्या. घरच्या कुत्र्याने टेपकाकांना रोज नव्याने चोर समजून भुंकण्याचा नेम कधी मोडला नव्हता. ते त्या परक्या माणसाच्या पायाशी जाऊन पोट वर करून लोळलं. सासरे टेपकाकांशी आजवर जी काही वाक्यं बोलले होते त्यांतली निम्मी 'दार लावून घ्या' अशी होती. ते चक्क विनोद सांगू लागले. विनोद वाईट होता. त्यावर तो नवा मुलगा असा हसला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या, शेजारचं तान्हं बाळ जागं झालं, आणि रडायचं सोडून तेही हसायला लागलं.

"आणि माझी खुर्ची," टेपकाका ही हकीकत सांगताना इथे दर वेळी थांबतात. "माझी हातांची, गादीची खुर्ची त्याला दिली. मला स्टूल."

तोवर टेपकाका त्या घराचे एकुलते एक जावई होते. म्हणजे कुणी त्यांना डोक्यावर घेऊन नाचत नव्हतं, पण ती खुर्ची त्यांची होती. पाठ नसलेल्या स्टुलावर बसून त्यांनी आपली कायमची सवय केली: समोरच्या माणसाचं नजरेने माप घेतलं. साडू त्यांच्यापेक्षा बोटभर उंच भरला. घरी परतताना ते बायकोला म्हणाले, "उंची काही खरी नाही त्याची. बुटांचे तळ बघितलेस का? केवढे जाड!"

"अहो, बूट त्याने दारातच काढले होते," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी टेपकाकांच्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे आयुष्यभर दुखलं. साडूचे केस पांढरे होईनात, हे त्यांना खुपे. पुढे ते पांढरे झाले आणि त्याला शोभायला लागले, हे त्याहून खुपलं. साडूला शिंक आली की घरातली चार माणसं पाणी घेऊन धावत. टेपकाका शिंकले की काकू म्हणत, "खिडकी तुम्हीच उघडी ठेवली होतीत." साडूचं फरशीचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकाला फरशी विकता विकता चहा पाजे, त्याच्या आजारी आईची चौकशी करी, आणि गिऱ्हाईक न्हाणीघरापुरत्या फरश्या घ्यायला आलेलं असलं तर अंगणासकट घेऊन जाई. एवढं असून तो माणूस टेपकाकांशी कधी वाकडा वागला नाही. ही त्याची सगळ्यांत मोठी खोडी होती. भांडायलासुद्धा तो जागा ठेवत नसे.

टेपकाकांचा धंदा नकाशे काढण्याचा. पालिकेच्या कचेरीसमोर, छापखान्याच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक उतरता फळा, एक दिवा, आणि वरून कुणी जिना चढलं की कागदावर पडणारी माती. कुणाला माडी चढवायची असो, मोरी बाहेर काढायची असो की गोठ्याची खोली करायची असो, पालिकेची परवानगी हवी. परवानगीला नकाशा हवा. आणि नकाशा टेपकाकांच्या हातचा असला तर तो परत येत नाही असा गावाचा विश्वास होता. कमरेच्या पट्ट्याला त्यांचा स्टीलचा टेप सदैव अडकवलेला. बारशाला गेले तरी पाळण्याची लांबी बघून येत. त्यांचं खरं नाव बँकेला ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. त्यांच्यामुळे त्यांच्या बायकोच्या नावाचीही कुणाला गरज उरली नव्हती, त्या काकू.

काकू व्हायोलिन शिकवत. घराच्या एकुलत्या एका मोठ्या खोलीत रोज संध्याकाळी आसपासची मुलं उभी राहून एकाच वेळी एकच सूर शोधत, आणि तो सूर जीव मुठीत धरून पळत असे. शेजारच्या आजोबांनी कानाचं यंत्र घ्यायला इतकी वर्षं ठाम नकार दिला तो याच कारणाने. पाहुणे आले की मुलं स्वयंपाकघरात जात, आणि कपबश्यांच्या फडताळाला व्हायोलिनचा गज घासला जाई. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात टेपकाकांनी छताकडे बोट दाखवून शब्द दिला होता, "वर तुझ्यासाठी खोली काढतो. वाऱ्याची, उजेडाची. नुसती तुझ्या वाद्याची." पायासुद्धा त्यांनी दोन मजल्यांना पुरेल असा भक्कम घातला होता. पुढे त्यांनी सगळ्या गावाला वर चढवलं आणि स्वतःचं घर जमिनीवरच राहिलं. लोकांचे नकाशे नेहमी घाईचे असत. आणि काकूंना घाई आहे हे काकूंनी कधी ओरडून सांगितलं नाही. शिवाय घरात आठ व्हायोलिनं वाजत असताना कुणी ओरडलं तरी ऐकू कुठून येणार!

अशात पालिकेने दर बदलले.

पालिकेच्या दर्शनी भिंतीवर एक छापील कागद लागला. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बांधकाम परवानगीचं शुल्क दुपटीहून जास्त. लहानसहान वाढीव बांधकामाला त्यातल्या त्यात थोडी सवलत. पण त्या लहानपणालाही मर्यादा घालून दिलेली. ती ओलांडली की 'विकास शुल्क' नावाचं एक वेगळंच प्रकरण मानगुटीवर बसणार. तोवर जे नकाशे दाखल होतील त्यांना मात्र जुना दर.

झालं! ज्या गावाला कालपर्यंत विकासाची अजिबात घाई नव्हती ते रातोरात विकसित व्हायला धावलं. छापखान्याच्या जिन्याखाली रांग लागली. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं नातवंडांच्या खोलीचा नकाशा काढायला आलं. न्हावी आपल्या दुकानावर मजला चढवायला आला; दुकान भाड्याचं आहे याची त्याला टेपकाकांनीच आठवण करून दिली. एका म्हातारबाईंना नुसता जिना हवा होता.

"आजी, जिना जाणार कुठे?"

"मजला मुलगा बांधेल हो पुढे. जिना तेवढा माझ्या दराने होऊ दे."

टेपकाका खुशीत होते. दिवसभर ते लोकांना दोन गोष्टी बजावत. पहिली, मर्यादेच्या आत राहा, उगीच पाय पसरू नका, तारीख चुकली तर भोवेल. दुसरी गोष्ट सांगताना ते पेन्सिल खाली ठेवत आणि आवाज उतरवत: "एकदा खिडकीतून आत गेलेला नकाशा परत मागायचा नाही. आत गेला त्या तारखेचा दर. परत मागितलात की तो नकाशा मेला. पुन्हा न्याल तेव्हा नवा क्रमांक, नवी तारीख, नवा दर. समजलं?" लोक माना डोलवत. म्हातारबाईंनी तर हे वाक्य पाठ केलं.

त्याच आठवड्यात काकू एका दुपारी दुकानात आल्या. त्या सहसा दुकानात येत नसत. रांगेतल्या माणसांनी आदराने वाट करून दिली, पण त्या रांगेतच उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर फळ्यासमोर बसून म्हणाल्या, "एक खोली काढायची आहे वर. लहानशी. नकाशेवाले फार गर्दीत असतात असं ऐकलं, म्हणून रांग लावून आले."

रांग हसली. टेपकाकांचे कान लाल झाले. "अगं, घरी सांगायचंस की!"

"घरी सांगून केस पांढरे झाले. म्हटलं दुकानात सांगून बघावं."

काकूंनी शिकवणीतून जुन्या दराची फी आणि विटांपुरतं साठवलं होतं. टेपकाकांनी त्याच दिवशी बाकीचे कागद बाजूला सारले आणि नकाशा काढला. खोली लहान होती, पण त्यांच्या हातून आजवर उतरलेल्यांत देखणी होती. पूर्वेला मोठी खिडकी, मुलांना उभं राहायला मोकळी जागा, वाद्यं टांगायला भिंतीत कोनाडे. मर्यादेच्या चांगलीच आत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खिडकीत दिला.

नकाशे स्वीकारणाऱ्या खिडकीमागे जे कारकून बसत त्यांचा गळ्यापासून कमरेपर्यंतचाच भाग गावाने पाहिला होता. सगळे त्यांना खिडकीवाले म्हणत. त्यांनी शिक्का मारला आणि पहिल्यांदाच मान वाकवून बाहेर तोंड काढलं. "टेपकाका, स्वतःचा? अहो, आज इकडे कुठे पाऊस पडला की काय!"

काकू त्या दिवसापासून जमिनीवरून चालत नव्हत्या. मुलांना त्या सांगू लागल्या, "पुढच्या वर्षी वर." शेजारच्या आजोबांना सांगितलं, त्यांनी तर टाळ्या वाजवल्या. इथेच हे सगळं संपलं असतं आणि टेपकाकांवर लिहायला कुणाला काही कारण उरलं नसतं. पण रविवारी सासूबाईंकडे जेवण होतं.

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गादीची खुर्ची होती आणि साडू तिच्यात होता. टेपकाकांनी पहिला घास तोंडात घातला तोच तो म्हणाला, "साडूभाऊ, आम्हीपण टाकला बरं का नकाशा! वर एक खोली काढतोय."

टेपकाकांचा घास होता तिथेच थांबला. साडू वर जाणार याचं त्यांना दुःख झालं नाही असं नाही, पण त्याहून जास्त त्यांना दुसरंच खुपलं. "नकाशा? काढला कुणी?"

"ती तुमच्या समोरच्या गाळ्यातली बाई नाही का, संगणकावर काढते. छान रंगीत काढून देते हो. झाडंबिडंसुद्धा दाखवते."

"झाडांना परवानगी लागत नाही," टेपकाका म्हणाले.

"नाही, पण बरं दिसतं. तुमच्याकडे ती एवढी रांग. म्हटलं घरच्या माणसाला कशाला त्रास! शिवाय तुम्ही माझ्याकडून पैसे घेतले नसतेत. मग ते कसं बरोबर दिसणार?"

आता यावर चिडणार तरी कसं? टेपकाका चिडले. सगळं गाव ज्याच्या दारात ताटकळत उभं आहे, त्याचा सख्खा साडू रस्ता ओलांडून समोर जातो, आणि वर त्याला झाडं मिळतात! शांतपणे, म्हणजे त्यांच्या मते शांतपणे, त्यांनी विचारलं, "खोली केवढी?"

"मला कुठे कळतंय त्यातलं! पुढे एक गॅलरी काढावी म्हणतोय. चांगली ऐसपैस. संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचं, रस्ता बघायचा."

"अगबाई, गॅलरी!" सासूबाई म्हणाल्या. "माझीही एक खुर्ची ठेवा हो तिथे. मी येत जाईन."

टेपकाकांकडे सासूबाई शेवटच्या कधी आल्या होत्या हे आठवायला टेपकाकांना पाणी प्यावं लागलं.

घरी परतेपर्यंत ती गॅलरी त्यांच्या डोक्यात बांधून तयार होती. साडूचं घर दुकानाच्या वाटेवर. म्हणजे रोज संध्याकाळी टेपकाका दमून, केसांत छापखान्याची माती घेऊन खालून जाणार, वरून साडू हात हलवणार, "काय साडूभाऊ, दमलात?", त्याच्या शेजारी सासूबाई, गुडघ्यावर शाल, आणि सगळं गाव मान वर करून बघणार. गावाने मान वर केली की खाली कोण आहे ते कुणाला दिसतंय? आणि काकूंची ती खोली! कालपर्यंत ती देखणी होती. आज टेपकाकांना ती पत्र्याच्या डब्यासारखी दिसायला लागली. गॅलरी नाही. साधा सज्जासुद्धा नाही. उद्या मेहुणी बघायला येईल आणि म्हणेल, "छान आहे हं ताई." आणि ते 'हं' टेपकाकांना आत्ताच ऐकू येत होतं.

सोमवारी पालिका उघडली तेव्हा ते खिडकीत उभे होते.

"माझा नकाशा परत द्या," ते म्हणाले.

खिडकीवाल्यांनी पुन्हा मान वाकवली. "काय चुकलंय?"

"चुकलं काही नाही. गॅलरी राहिली."

"काका, महिना संपत आलाय. तुम्हीच लोकांना सांगता ना, परत मागू नका म्हणून? परवा ती जिनावाली आजी मला ऐकवून गेली, 'एकदा आत गेलेला नकाशा मागायचा नाही.' मी म्हटलं, आजी, मी कारकून आहे इथला!"

"लोकांची गोष्ट वेगळी. मला काय दोन दिवसांचं काम! चार रेघा ओढायच्या आणि परत टाकायचा."

"काकूंना विचारलंत?"

"खोली वाढतेच आहे ना? मग त्यात काय विचारायचं?"

खिडकीवाल्यांनी रद्दचा शिक्का मारला आणि नकाशा बाहेर सरकवला. काकूंना टेपकाकांनी काही सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एक आश्चर्यचकित झालेलं तोंड होतं. काकूंचं नव्हे, साडूचं.

चार रेघांची गोष्ट चार रेघांत आटपत नसते, हे नकाशेवाल्याला कुणी सांगायला नको. गॅलरी काढली, ती सरळ होती. सरळ गॅलरी तर कुणीही काढतं, ती संगणकवालीही काढेल. म्हणून ती गोल केली. गोल गॅलरीपुढे खोली चिमुकली दिसायला लागली, म्हणून खोली पुढे ओढली. मग खिडकी एकटी पडली, तिला जोडीदार दिला. रेलिंगला नक्षी घातली. साडूच्या गॅलरीत दोन खुर्च्या मावत असतील तर इथे चार मावायला हव्यात. त्यांनी खुर्च्यासुद्धा काढून बघितल्या. आणि शेवटी, कुणी बघत नाही याची खात्री करून, टेपकाकांनी आयुष्यात पहिल्यांदाच नकाशाच्या कोपऱ्यात एक झाड काढलं. ते कोबीसारखं दिसत होतं.

या भानगडीत क्षेत्रफळ मर्यादेच्या बाहेर केव्हा गेलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही, असं नाही. आलं. पण जुन्या दरात विकास शुल्क नव्हतंच, मग मर्यादा कसली? महिना संपायच्या आत टाकला की झालं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते नकाशाची सुरळी काखेत मारून पालिकेत गेले. रांग जिन्यावरून खाली उतरून फाटकाबाहेर वळली होती. टेपकाका शेवटी उभे राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की या रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक सुरळीत त्यांच्याच हातचा नकाशा आहे. पुढे न्हावी होता. घरमालकाची परवानगी मिळवून आला होता. त्याच्या पुढे ते नवीन जोडपं. सगळे वळून वळून हसत होते.

"काका, तुमच्यामुळे वाचलो हो!"

"काका, जरा एवढं बघा ना, इथे सही राहिलीय का?"

"काका, खिडकीत काही विचारलं तर तुम्ही आहातच."

काकांना मध्ये घुसता आलं असतं. पण ज्याच्या त्याच्या नकाशात खिडकीवाले काहीतरी विचारत, आणि तो माणूस मागे बघून हाक मारी, "टेपकाका, हे सांगा हो!" टेपकाका पुढे जाऊन समजावत, परत मागे येऊन उभे राहत. इतकी चोख उत्तरं त्यांनी कधीच दिली नव्हती. न्हाव्याचा नकाशा आत गेला. न्हाव्याने वळून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. टेपकाकांनी हात सोडवून घेतले आणि पुढे झाले, तोवर खिडकीचं फळकूट खाली आलं होतं.

"अहो, मी आहे!" त्यांनी फळकुटावर टकटक केली.

"माहीत आहे काका," आतून आवाज आला. "वेळ संपली. साहेब इथेच उभे आहेत. उद्या या. उद्याच्या दराने."

त्यांनी सांगायच्या आधीच काकूंना कळलं होतं; न्हाव्याची मुलगी शिकवणीला येई. टेपकाका घरी पोचले तेव्हा सगळी मुलं गज खाली घालून गप्प उभी होती. काकूंनी त्यांना घरी पाठवलं.

"खिडकीत तुम्ही आज कशाला उभे होतात? आपला तर कधीच दिला होता."

"परत घेतला होता. थोडा सुधारायला."

"काय सुधारायला?"

टेपकाकांनी सुरळी उलगडली. काकूंनी ती गोल गॅलरी, त्या चार खुर्च्या, ती नक्षी, सगळं सावकाश पाहिलं. "आणि हा कोबी कसला?"

"झाड आहे ते."

"मी गॅलरी मागितली होती?"

"अगं, ते लोक गॅलरी काढतायत! उद्या तुझीच बहीण—"

"मला वाजवायला खोली हवी होती हो. मला कुणाला दिसायचं नव्हतं." काकूंचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं टेपकाकांना वाटलं. "आता काय लागेल?"

टेपकाकांनी हिशेब केला. नवा दर, वर विकास शुल्क. बोलता बोलता त्यांचाच आवाज बारीक होत गेला. काकूंच्या पैशांत नुसतं परवानगीचं भागलं असतं. बांधायला वीटही उरली नसती.

दुसऱ्या दिवशी साडू घरी आला. त्याला न्हाव्याकडून कळलं होतं. त्याचा न्हावी आणि टेपकाकांचा न्हावी एकच, हीसुद्धा टेपकाकांची जुनी तक्रार. खुर्चीवर न बसता तो उभ्यानेच म्हणाला, "साडूभाऊ, ऐकतोय ते खरं का? गॅलरीपायी नकाशा परत घेतलात?"

"तुम्ही काढताय, मग आम्ही काढली तर काय बिघडलं?"

"मी कुठे काढतोय?"

"त्या दिवशी जेवताना बोललात ना!"

"अहो, ते बोलायचं असतं म्हणून बोललो!" साडू खरोखरच गोंधळला. "जेवताना माणूस काहीही बोलतो. त्या बाईने सांगितलं, गॅलरी घेतलीत तर पुढे डोईजड होईल. मी म्हटलं, राहू दे. साधी चौकोनी खोली आहे माझी. एक खिडकी. गॅलरी नाहीच तिथे. झाडं आहेत फक्त, तीही कागदावर."

टेपकाकांना यावर हायसं वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं असं, की साडूने ती गॅलरीसुद्धा त्यांच्याकडून हिसकावून घेतली.

साडू गेल्यावर काकू म्हणाल्या, "हे बघा. गॅलरी पुसा. खोली पहिल्यासारखी करा. मर्यादेत बसली की विकास शुल्क जाईल. नव्या दराने थोडं जास्त पडेल. मी आणखी दोन मुलं घेते शिकवणीला. होईल."

होणार होतं. टेपकाकांनाही ते दिसत होतं. त्यांनी दुकानात जाऊन नकाशा फळ्यावर ताणला, खोडरबर हातात घेतलं, आणि त्या गोल रेघेवर टेकवलं. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, की पहिली खोली साडूच्या खोलीपेक्षा लहान असेल. किती लहान, हे कळल्याशिवाय पुसणं बरं नव्हे. ते रस्ता ओलांडून समोर गेले आणि संगणकवाल्या बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. बाईंनी सहज सांगितलं. साडूची खोली काकूंच्या खोलीपेक्षा हातभर लांब होती.

टेपकाका परत आले. नकाशाची पुन्हा सुरळी केली आणि माळ्यावर ठेवून दिली.

"पुसलीत का?" काकू दर आठ-पंधरा दिवसांनी विचारत.

"घाई काय आहे? हे दर काही टिकत नाहीत. लोक ओरडतायत. पालिकेला खाली आणावेच लागतील. तेव्हा गॅलरीसकट करू." हे ते इतक्या खात्रीने सांगत की दुकानात येणारे दोन-चार लोकही त्यांच्या नादाने थांबले.

काकूंनी मग विचारायचं सोडलं. त्या विचारत नाहीत याचा अर्थ त्यांना पटलंय, असा टेपकाकांनी सोयीचा अर्थ लावला.

साडूची खोली सहा महिन्यांत उभी राहिली. टेपकाका दुकानात जाताना रोज ती मोजत. एका कोपऱ्यात भिंत किंचित बाहेर आली आहे, हे त्यांनी खालूनच ओळखलं आणि तो दिवस त्यांचा फार बरा गेला. खोलीत काय ठेवायचं हे साडूला माहीत नव्हतं; गॅलरी नसल्यामुळे रस्ता बघायची सोय नव्हती. फरश्या मात्र त्याने दुकानातल्या उत्तम घातल्या. फरश्या बसल्या त्या दिवशी मेहुणी आली आणि स्वयंपाकघरात काकूंशी बराच वेळ बोलली. जाताना टेपकाकांना म्हणाली, "भाऊजी, ताईची शिकवणी आमच्याकडे वर नेतोय हं. खोली रिकामीच आहे. ह्यांनीच सुचवलं."

"भाडं किती घेणार?" टेपकाकांनी विचारलं. साडू भाडं घेणार असता तर त्यांना जरा तरी आधार वाटला असता.

"काहीतरीच काय! घरची माणसं ना आपण?"

काकूंनी आपली वाद्यं कापडात गुंडाळली. टेपकाका दारात उभे होते. "तिथे कोनाडे नाहीत," ते म्हणाले. "वाद्यं कुठे टांगणार?"

"खिळे ठोकून घेतलेत त्याने. माझ्या उंचीचे. मोजायला मला बोलावलं होतं."

टेपकाकांनी पट्ट्याला अडकवलेला टेप उगीचच चाचपला. बायकोच्या उंचीचं माप दुसऱ्या कुणी घ्यावं, आणि ते बरोबर यावं!

आता संध्याकाळी दुकान बंद करून टेपकाका साडूच्या घराखाली थांबतात. वर मुलांचे सूर अजून पळतच असतात, पण हल्ली अधूनमधून एखादा सापडतो. सासूबाई तिथे ऐकायला येऊन बसतात. गुडघा दुखतो म्हणून साडू त्यांना धरून जिना चढवतो. शिकवणी संपेपर्यंत तो खाली येऊन टेपकाकांना चहा देतो, आणि ते तो पितात, कारण चहा चांगला असतो. काकू उतरल्या की दोघं घरी जातात. वाटेत टेपकाका सांगतात, दर उतरले की लगेच गॅलरीसकट करू.

त्यानंतर पालिकेने दर दोनदा बदलले. दोन्ही वेळा ते वाढले.